उंच गाडी, बुटकं स्टूल

"बसून बघून गाडी निवडतात ती कच्ची लिंबं," आमचे भावोजी मोटरसायकलच्या शोरूममधल्या बाईंना म्हणाले. "मी चष्मेवाला माणूस. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच सांगतो, कुठली फ्रेम याच्या नाकावर टिकेल आणि कुठली घसरेल. गाडीचं काय घेऊन बसलात."

मग नजरेने पसंत केलेल्या त्या सगळ्यात उंच गाडीवर ते चढले, आणि त्यांचे दोन्ही पाय हवेत लोंबकळायला लागले. शोरूमच्या दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी गाडी धरली होती म्हणून निभावलं. भावोजी वरून म्हणाले, "नजारा छान दिसतो."

भावोजींना मोटरसायकलवर एकट्याने जायचं होतं. डोंगर, वाळवंट, सगळं ओलांडून, रस्ता संपून समुद्र लागतो तिथपर्यंत. हे त्यांच्या दुकानात सगळ्यांना पाठ होतं. डोळे तपासायच्या मशीनवर हनुवटी टेकवली की गिऱ्हाइकाला पळता येत नाही. तेवढ्यात भावोजी त्याला वाळवंट पार करून आणायचे आणि मग नंबर सांगायचे. त्यांच्या लेकीने, ठकीने, तर वर्गात नकाशा लावून वाटेत लाल टाचण्याही टोचल्या होत्या. ताई, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, "आता नाही गेलात तर त्या टाचण्या तुम्हालाच टोचतील."

शोरूमच्या बाईंनी कोपऱ्यातली एक ठेंगणी, जाडसर गाडी दाखवली. "ही घ्या. दिसायला साधी आहे, पण दमाची आहे. एकट्या माणसाचे पाय जमिनीला टेकायला हवेत."

"ही? हिच्यावर भाजी आणतात. आणि पाय कुणाला टेकावे लागतात? जो थांबतो त्याला. मी थांबणारच नाही."

बाईंनी उंच गाडी एक दिवस चालवून बघायला दिली. त्यांची माणसं ती घरी सोडून गेली. ताईने खिडकीतून बघितलं. "अहो, यावर चढणार कसे? शिडी नेणार का सोबत?"

ताई टोमणा मारत होती. भावोजींनी तो सल्ला समजून घेतला. आत गेले आणि ठकीचं स्टूल घेऊन आले. लहानपणी त्यावर उभी राहून ती तोंड धुवायची. वर पिवळं बदक रंगवलेलं, चोच झिजून गेलेली.

"स्टूलवरून चढलात. पुढे?" मी विचारलं. "स्टूल तर खालीच राहिलं. वाळवंटात ते उचलून कोण देणार? उंट?"

"मेहुणीबाई, तेवढा विचार केलाय." त्यांनी दोरी काढली. एक टोक स्टूलच्या पायाला, दुसरं स्वतःच्या कमरेला, जाकिटाच्या आतून, म्हणजे दिसायला नको. उगाच कमी पडायला नको म्हणून दोरी चांगली लांब घेतली होती, उरलेली खिशात कोंबली. चढायचं, दोरी ओढायची, स्टूल वर आलं की मागच्या पेटीवर ठेवायचं.

"आणि कुणी बघितलं तर?"

"वाळवंटात कोण बघतंय?"

मी पोट धरून हसले. ठकी हसली नाही. तिने बाबांसाठी गाडी धरली.

पहिली चक्कर झोकात झाली. आमच्या इमारतीला वळसा घालून आले, हात केला, आम्हीही केला. दुसऱ्या चकरेला समोरचा न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या गालाला साबण लावून तसाच सोडून बाहेर आला आणि टाळ्या वाजवायला लागला. तिसऱ्या चकरेला भावोजींनी हात केला नाही. चौथ्या वेळी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागे बदक मात्र ऐटीत बसलेलं.

"किती हौस," ताई म्हणाली.

"मावशी," ठकी माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांना थांबता येत नाहीये."

तसंच होतं. चढायची सोय झाली होती, उतरायचं कुणी बघितलंच नव्हतं. स्टूल खाली सोडायचं तर आधी गाडी थांबायला हवी, आणि गाडी थांबली तर ती उभी कशावर राहणार? एक पाय फुटपाथवर टेकला असता, पण फुटपाथला लागून एकजात सगळ्या गाड्या उभ्या.

पुढच्या वेळी ठकी बरोबरीने धावली. "बाबा, हळू करा. मी आहे." भावोजींनी हळू केलं आणि तोडलेलं झाड पडावं तसे सावकाश एका अंगाने कलायला लागले. ताईने आणि मी त्यांना धरलं, न्हाव्याने आणि अर्ध्या साबणवाल्याने गाडी धरली.

"किती चकरा मारल्यात, साहेब," न्हावी म्हणाला.

"गाडीला रस्त्याची सवय लावत होतो," भावोजी म्हणाले. कान लालभडक झाले होते. ते थेट न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. मला आता हसू येईना.

ठकी दाराबाहेर उभी राहिली. "बाबा, ती बुटकी गाडीपण समुद्रापर्यंत जाते ना?"

नळ वाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करायला गेलो. भावोजी पुढे, मागे बदक, त्यामागे माझ्या स्कूटरवर मी आणि ठकी. भावोजींनी लांबूनच हॉर्न वाजवला. शोरूमच्या त्याच दोन माणसांनी गाडी धरली आणि ढकलत आत आणली. भावोजी स्टूलवर पाय ठेवून उतरले आणि स्टूलशी आपला काही संबंध नसल्यासारखे चार पावलं बाजूला झाले.

"ती कोपऱ्यातली," ते बाईंना म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "ती जरा बघतो."

बाईंनी एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ठेंगणी गाडी दारापाशी आणून दिली. भावोजी बसले. दोन्ही तळवे फरशीला टेकले, गुडघ्यातून जरा वाकलेसुद्धा. चष्म्याची फ्रेम नाकावर बसावी तसे बसले होते. त्यांनी खाली मान घालून आपल्याच बुटांकडे बघितलं.

तेवढ्यात बाईंचं लक्ष गेलं. "हे स्टूल तुमचं का?"

दोन्ही माणसं बघायला लागली. एक गिऱ्हाईक होतं, तेही वळलं.

"नाही," भावोजी म्हणाले. "माझं नाही. इथलंच असेल कुणाचं."

ठकीने बदकाकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. मी तरी बोलायला हवं होतं. मी भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीत तोंड खुपसून उभी राहिले.

भावोजींनी लेकीकडे बघितलं. मग हेल्मेट चढवलं. "एक चक्कर मारून येतो," आतून आवाज आला.

गाडी दारातून बाहेर पडली. कमरेची दोरी सोडायची राहूनच गेली होती; ती जाकिटाच्या खिशातून उलगडत फरशीवर पडायला लागली.

"बाबा, दोरी," ठकी म्हणाली. हेल्मेटमध्ये काय ऐकू येणार?

दोरी ताणली गेली आणि स्टूल निघालं. बदक वर करून, बाईंच्या समोरून, दोन्ही माणसांच्या मधून, घसरत दारापर्यंत गेलं आणि दोन झडपांच्या मधे आडवं अडकलं. दोरी पक्की होती. गाडी तशीच थोडी पुढे जाऊन फुटपाथला टेकली. भावोजी दारासमोर रस्त्यावर बसलेले सापडले, दोन्ही पाय जमिनीवर.