प्लास्टरमधला खांब

मित्रांनो, मी पोकळ नाही, एवढे आधी सांगतो. निदान नव्हतो.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या एका जुन्या, टोलेजंग कंट्री हाउसच्या पोर्टिकोचा, म्हणजे दारापुढच्या खांबांच्या ओसरीचा, मी डावीकडून दुसरा खांब. अंग वालुकाश्माचे. मला घडवणाऱ्यांना समतोलाचे इतके वेड, की उजवीकडे खिडकी आहे म्हणून डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर त्यांनी खोटी खिडकी रंगवली. मला मात्र त्यांनी काटेकोर सरळ घडवले नाही. मध्ये किंचित फुगवटा ठेवला. पूर्ण सरळ खांब दुरून मध्ये खंगल्यासारखा दिसतो, हे त्यांना ठाऊक होते. माझे सांधे चुन्याचे. आत शिरलेले पाणी त्यांतून निघून जाई.

पुढे या घरात रुग्णांचे विश्रामगृह झाले. त्याचे प्रमुख डॉ. पद्माकर, हाडांचे सर्जन, मूळचे पुण्याचे. येताजाता ते माझ्यावर बोटाने टकटक करत आणि म्हणत, “सॉलिड!” ते कौतुक मला आवडत असे.

१९८५च्या हिवाळ्यात मला उभी चीर गेली. माझ्यामागेच रुग्ण उन्हाला बसत. डॉक्टर घाबरले.

“सिमेंटचं जाड प्लास्टर, वरून लोखंडी पट्टा. डन!” ते पत्नीला म्हणाले. वैजयंतीबाई शाळेत केमिस्ट्री शिकवत.

“अहो, फ्रॅक्चर आहे का ते? हाड आपलं आपण जुळतं. दगड नाही जुळत.”

“अलाइनमेंट धरली की सगळं जुळतं.”

“आणि आतलं पाणी? सिमेंटमधून बाहेर कसं येणार? कौन्सिलच्या जुन्या इमारती बघणाऱ्या माणसाला विचारा तरी.”

“तो येईपर्यंत छप्पर पेशंटच्या डोक्यात पडेल. केमिस्ट्री तुझी, ऑर्थोपेडिक्स माझं.”

“बरं. मग सहा आठवड्यांनी प्लास्टर कापायला या हं!”

दगडाला बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी फार जाणवले. सिमेंट चढले, फुगवटा बुजला. मी पूर्ण सरळ झालो आणि म्हणूनच खंगलेला दिसू लागलो. प्लास्टर कोणी कापले नाही. वरच्या फटीतून पाऊस आत येत राहिला. त्याला बाहेरची वाट नव्हती. पाणी गोठताना साधारण अकराव्या हिश्श्याने फुगते. त्यात द्वेष नाही, नियम आहे. दर हिवाळ्यात माझा एकेक थर भुकटी होत गेला. बाहेरून मी ठणठणीत होतो. डॉक्टर टकटक करत, “सॉलिड!” म्हणत. ऐकू येत होते ते सिमेंट.

१९९३मध्ये एकदा टकटकीला वेगळाच आवाज आला. डॉक्टरांनी पुन्हा ठोकले, वर, खाली. छाती तपासावी तसे. मग त्यांनी बाईंना बोलावले.

“वैजयंती, आता कापूया का गं प्लास्टर?”

बाईंनी कान लावला. टोमणा मारला नाही. “आता कापलं तर आतलंही त्याच्याबरोबरच येईल हो.”

आता माझ्या दोन्ही बाजूंना पोलादी टेकू आहेत. वसंतात मला उतरवून नवा खांब बसवतील. रुग्णांच्या खुर्च्या त्या खोट्या खिडकीखाली हलवल्या आहेत.

मित्रांनो, मला निष्काळजीपणाने मारले नाही, काळजीनेच मारले. म्हणून विनंती एवढीच: एखाद्याला सावरायला जाल, तेव्हा तो कशाचा बनला आहे, हे आधी विचारा. डॉक्टर अजून रोज येतात. टकटक करत नाहीत. सिमेंटवर तळहात ठेवून उभे राहतात. ती ऊब माझ्यापर्यंत पोहोचत नाही.