वाढदिवसाची घडवंची

मी एक जुनी घडवंची आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी हा शब्दही ऐकला नसेल. चार पाय, मध्ये आडव्या पट्ट्या आणि वर एक जाड फळी, एवढाच माझा देह. पाण्याचा माठ उंचावर राहावा म्हणून सुतार आम्हाला घडवतात. मी जे सांगणार आहे ते घडलं एकोणीसशे एकाहत्तर साली. तेव्हा मी एका शाळेच्या व्हरांड्यात, चौथीच्या वर्गाच्या दाराशी उभी होते.

माझा जन्म एका मोडक्या दारातून झाला. दाराच्या कडीचं भोक माझ्या फळीच्या कोपऱ्यात अजून आहे. मला ठोकून झाल्यावर सुताराने फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आयुष्यभर लोकांना अडवलंस, आता पाणी पाज." मी पाजलं. माझ्या डोक्यावर मातीचा मोठा माठ बसला. माठ पाझरायचा, आणि त्याच्या बुडाचा ओला गोल माझ्या फळीवर उमटायचा. तो गोल पुढे कायमचाच झाला.

पाण्याजवळ उभं राहणाऱ्याला सगळं कळतं. कोण पळत येतो, कोण दुसऱ्याला ढकलतो, कोण पाणी प्यायच्या निमित्ताने गणिताचा तास बुडवतो. आमचे शिपाईकाका माठ भरत, लांब दांड्याचं ओगराळं घासत आणि मुलांवर ओरडत. "पेल्याला तोंड लावू नकोस रे! तुझी उष्टी विद्या दुसऱ्याला नको!" मुलं हसत. काकांना राग येत असे तो फक्त आपल्या घड्याळाला कुणी हात लावला तर. चौथीच्या वर्गात भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. एकदा चावी पूर्ण भरली की ते पंधरवडाभर चाले, पण काका दर सोमवारी टाचा उंचावून चावी भरत. कर्र, कर्र, कर्र. सगळा वर्ग माना वर करून बघत राही.

त्या काळी शाळेत वाढदिवस म्हणजे खाऊ. आधी गोळ्या असत. मग कुणी बिस्किटं आणली, मग कुणी केक आणला, आणि मग ज्याच्या घरून नुसत्या गोळ्या येत तो डबा पाठीमागे लपवून वर्गात शिरू लागला. हे मी पाहत होते. चौथीच्या बाईही पाहत होत्या, पण चालत आलेली पद्धत मोडायची कशी, हे त्यांना सुचत नव्हतं.

आणि मी आणखी एक पाहत होते. वर्गात एक बारीकशी मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. वाढदिवसाचा खाऊ वाटून झाला की चिमणी मूठ मिटून पाणी प्यायला येई. इकडेतिकडे बघे, आणि मुठीतली गोळी माझ्या फळीखाली, पट्टीच्या खाचेत सरकवून देई. मग रिकाम्या हाताने पाणी पिऊन परत जाई. मित्रांनो, चिमणीला साखरेचा आजार होता. तिची आई रोज सकाळी तिला सुई टोचत असे. हे बाईंना माहीत होतं. पण "वर्गाला सांगू नका ना बाई," असं चिमणीने त्यांना विनवलं होतं, म्हणून त्या गप्प होत्या.

व्हायचं तेच झालं. मुंग्या आल्या. "लग्नाचं वऱ्हाड उतरलंय की काय इथं!" म्हणत काकांनी माठ उतरवला आणि मला उलटं केलं. खाचेतून चिकट गोळ्या खाली पडल्या. नेमका तेव्हा पाणी प्यायला भोंगा उभा होता. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा. तो कुजबुजला तरी तिसरीच्या वर्गात ऐकू जाई. त्याने चिमणीला तिथे घुटमळताना पूर्वी पाहिलं होतं. तो धावत वर्गात गेला.

"अरे, ही चिमणी आपला खाऊ मुंग्यांना घालते! आपला खाऊ हिला चालत नाही! महाराणी आहे महाराणी!"

त्या दिवसापासून चिमणीने गोळी लपवणं सोडलं. त्याच आठवड्यात एकामागून एक वाढदिवस आले. तिने सगळ्यांसमोर, भोंग्याकडे बघत, सगळं खाल्लं. केकसुद्धा. आठवड्याच्या शेवटी ती पाणी प्यायला आली. एक पेला प्याली, दुसरा प्याली, वर्गात गेली आणि लगेच परत आली. काका म्हणाले, "अगं, माठ माझ्यासाठी पण ठेव जरा!" ती हसली नाही. मधल्या सुट्टीत माझ्या पायाला पाठ टेकून बसली ती उठलीच नाही. काकांनी तिला उचललं आणि बाई तिच्यासोबत रिक्षातून दवाखान्यात गेल्या.

चिमणी वाचली. पण बरेच दिवस तिची जागा रिकामी राहिली. मग एका दुपारी तिची आई शाळेत आली. ती शिवणकाम करायची, मापाची टेप तशीच गळ्यात होती. माझ्याशेजारी उभी राहून ती बाईंशी बोलली.

"बाई, मी तिला सुई टोचते तेव्हा ती हूं की चूं करत नाही. आणि इथं एका गोळीपायी ती जिवावर उदार होते. नको मला तुमची शाळा. लिहाय-वाचायला मी घरी शिकवीन."

"ताई, चूक माझी आहे. तिची नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. तेवढा इथं होऊ द्या. तुम्ही स्वतः बघायला या. त्यानंतरही तिला घरी ठेवावंसं वाटलं तर मी अडवणार नाही."

आई कसनुसं हसली. "वाढदिवसाला ती दरवर्षी आजारी असते, बाई. म्हणजे मीच तसं कळवते. घरी ठेवते तिला. खाऊ काय वाटणार ती, आणि स्वतः काय खाणार?"

तरी वाढदिवसापर्यंत तिला पाठवायला ती तयार झाली. चिमणी शाळेत आल्यावर बाईंनी तिला विचारून वर्गाला सगळं सांगितलं. भोंगा त्या दिवशी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. काकांनी तर बाईंना विचारलं, "आज भोंगा गैरहजर आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून चौथीत वाढदिवसाचा खाऊ बंद झाला. हेडसर म्हणाले, "अहो बाई, वाढदिवस आणि तोंड गोड नाही? मुलं रुसून बसतील." काही पालक म्हणाले, मग पेन्सिली वाटू, खोडरबर वाटू. बाईंनी तेही नको म्हटलं. आज पेन्सिल आली की उद्या पेन्सिलीचा डबा येणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुलांनाच विचारलं, "शाळेतली अशी कुठली गोष्ट आहे, जी तुम्हाला करायचीय आणि कुणी करू देत नाही?"

"हेडसरांच्या खुर्चीत बसायचंय!"

"मधली घंटा वाजवायचीय, पण अर्धा तास आधी!"

"बाई, मला शेवटच्या बाकावर झोपायचंय."

"ते तू रोज करतोसच," बाई म्हणाल्या. सगळे हसले. हसणं थांबल्यावर भोंगा हळूच, म्हणजे त्याच्या मानाने हळूच, म्हणाला, "मला घड्याळाला चावी द्यायचीय." आणि वर्ग असा गप्प झाला, की सगळ्यांच्या मनात तेच होतं हे बाईंना कळलं.

काकांना पटवणं सोपं नव्हतं. "बाई, माझं घड्याळ म्हणजे खुळखुळा आहे का?" असं म्हणून ते दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून आले. "देतो. पण ज्या आठवड्यात वाढदिवस असेल त्या आठवड्यात मी सोमवारी हात लावणार नाही. पोरानेच भरायची. आणि चावी घट्ट लागली की थांबायचं म्हणजे थांबायचं. पिळत बसलात तर स्प्रिंग तुटेल, मग माझ्याशी गाठ आहे."

आता प्रश्न उरला उंचीचा. बाकावरून हात पोचेना, टेबल डुगडुगे. काकांची नजर माझ्यावर पडली. "घ्या हिला. माठ तेवढा वेळ मी सांभाळतो. कडेवर घेऊन उभा राहतो, दुसरं काय!"

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान. वाढदिवसाच्या सकाळी काका माठ उतरवत. दोन मुलं मला उचलून घड्याळाखाली नेत. वाढदिवस असलेलं मूल चपला काढून माझ्यावर चढे, आणि त्याचे तळवे नेमके त्या ओल्या गार गोलात पडत. प्रत्येक मूल शहारे, आणि मग हसे. ते चावी फिरवू लागलं की सगळा वर्ग मोठ्याने वळसे मोजी. पहिल्या मुलीचा वाढदिवस झाला त्या दिवशी खाऊची आठवण कुणालाच झाली नाही. पावलांवरूनच मी मुलांना ओळखू लागले. कुणाची पावलं घाबरून आखडलेली, कुणाची नाचणारी. बाईंचं मला फार कौतुक वाटे. त्यांनी कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं, सगळ्यांनाच मोठं काहीतरी दिलं होतं.

चिमणीचा वाढदिवस शुक्रवारी होता. आणि आदल्या दिवशी, गुरुवारी, भोंग्याचा.

गुरुवारी सकाळी काका माठापाशी बाईंना म्हणाले, "बाई, एक घोटाळा झालाय. आज तो पठ्ठ्या चावी गच्च भरणार. उद्या त्या पोरीला फिरवायला काय उरणार? एक वळसाही धड बसायचा नाही."

बाईंचा चेहरा उतरला. सगळ्याचा विचार केलेल्या बाईंनी याचा केला नव्हता. उद्या चिमणीची आई बघायला येणार होती.

"भोंग्याला थोडी कमी भर म्हणून सांगू या का?" काकांनी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "एकाचा वाढदिवस कापून दुसऱ्याचा करायचा नाही. त्याने किती दिवस वाट पाहिलीय."

माठाच्या पलीकडे, हातात भरलेला पेला घेऊन, भोंगा उभा होता. त्या दोघांना तो दिसला नाही. मला दिसला. पाणी न पिताच तो वर्गात गेला.

मग तो माझ्यावर चढला. त्याची पावलं रुंद आणि गरम होती. चिमणीसकट सारा वर्ग मोजू लागला. एक! दोन! तीन! चार! आणि भोंगा थांबला. त्याने चावी काढून काकांच्या हातात दिली.

"बस्स? एवढ्यात?" काका म्हणाले.

"हात दुखला."

वर्गात एकच खसखस पिकली. "भोंग्याची हवा गेली रे!" "चार वळशांत दमला!" "बाई, याला टॉनिक द्या!" एरवी कुणी एवढं बोललं असतं तर त्याने छप्पर उडवलं असतं. त्या दिवशी तो नुसता हसला. पण माझ्या फळीवर त्याच्या पायाची बोटं घट्ट रुतलेली होती, हे फक्त मला कळलं. बाईंनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसल्या.

शुक्रवारी चिमणीची आई वर्गाच्या दारात उभी राहिली. चिमणी माझ्यावर चढली. तिचं वजन ते काय! ओल्या गोलात पावलं पडताच ती शहारली. मग चावी फिरू लागली. पाच, सहा, सात. वर्ग मोजतच राहिला. सगळ्यांहून मोठा आवाज भोंग्याचा. दहाच्या पुढे गेल्यावर दारातून चिमणीची आईही पुटपुटत मोजू लागली, टेपेचं टोक बोटाला गुंडाळत. शेवटी चावी घट्ट लागली, आणि चिमणीने मागे वळून आईकडे पाहिलं. मुलीचा वाढदिवस शाळेत झालेला त्या माउलीने पहिल्यांदाच पाहिला.

आई जाताना बाईंजवळ थांबली. "बाई," ती म्हणाली, "उद्या सकाळची शाळा ना? किती वाजता?"

बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि दोघी हसल्या.

त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं मी पोरं उचलली. एकदा शाळा सुटल्यावर हेडसर हळूच आले. "आज माझा आहे," म्हणाले आणि चढले. हेडसर अंगाने चांगलेच भरलेले होते. माझे चारही पाय कुरकुरले, पण मी त्यांना पडू दिलं नाही. बाईंचा वाढदिवस सुट्टीत येई, म्हणून त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मुलांनी त्यांनाच माझ्यावर उभं केलं. काका निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना ते घड्याळच भेट दिलं. वर्गात सेलवरचं घड्याळ आलं. त्याला चावी नव्हती. व्हरांड्यात नळ आले, माठ गेला. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, फुटके फळे आणि झिजलेल्या झाडूंच्या शेजारी. बाहेर पुन्हा केकची खोकी येताना मी वासावरून ओळखत असे.

मग एके दिवशी नातीला शाळेत घालायला एक आजी आली. ती शाळाभर हिंडली आणि अडगळीच्या दारापाशी थांबली. आत येऊन तिने माझ्या फळीवरची धूळ पुसली. गोल दिसला. तिने त्यात हात ठेवला, आणि मी तिला ओळखलं. चिमणी!

आता बाई नाहीत, काकाही नाहीत, आणि चिमणीची आईही नाही. हेडसर गावी जाऊन बाग करता करता गेले. चिमणीने आईचं शिवणकाम पुढे चालवलं, मोठं दुकान केलं, आणि आजही स्वतःची सुई स्वतः टोचून घेते. भोंगा भाजीबाजारात लिलाव पुकारतो. म्हातारा झाला तरी त्याला कर्णा लागत नाही. ते घड्याळ काकांच्या मुलीने जपून चालू ठेवलं होतं. चिमणीने विचारताच तिने ते शाळेला परत दिलं. नव्या बाईंनी ते भिंतीवर लावलं आणि मला खाली उभं केलं. चौथीतले वाढदिवस पुन्हा तसेच होतात, खाऊशिवाय.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझे पाय डगमगले तर खिळा मारा, पण मला चकचकीत रंग देऊ नका. तो गोल झाकला जाईल, आणि तुमच्या तळव्यांना तो लागला पाहिजे. आणि माझ्यावर चढून चावी फिरवाल तेव्हा एवढं आठवा, की उद्याही कुणाचा तरी वाढदिवस असेल. त्याच्यासाठी थोडे वळसे मागे ठेवा. वर्ग हसला तर हसू द्या. हात दुखला म्हणा.