शेवटच्या पानावरची अलफिया

घरातून सवतीला काढायला तबस्सुमला तीन आठवडे पुरले होते. सरकारातून काढायला चार महिने लागले, आणि तेही चपला झिजवून.

सवत म्हणजे जिवंत नव्हे हं. अलफिया, कादरची पहिली बायको, काविळीने साक्रीला माहेरी वारली. त्यानंतर तीन वर्षांनी तबस्सुम लग्न होऊन भुसावळहून जळगावात मेहरूणच्या या दोन खोल्यांत आली. आल्या दिवशी पाणी प्यायला पेला उचलला, तर त्यावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं: अलफिया. ताटावर अलफिया, पातेल्याच्या काठावर अलफिया, पिठाच्या डब्याच्या झाकणावरही तीच. आहेराच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत चांगलीच आहे, पण त्याच भांड्यांत दुसरीने वरण शिजवायचं म्हणजे काय होतं, हे ती पद्धत पाडणाऱ्यांनी कुठे अनुभवलंय? तबस्सुमने सगळी भांडी गोणीत भरली, बाजारात मोडीत दिली आणि नवी आणली. शेजारीण हळहळली, "चांगली जाड होती गं." तबस्सुम म्हणाली, "जाड होती म्हणूनच मला उचलवत नव्हती."

कादर कुवेतला वेल्डर, दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी येणारा. आला, नव्या ताटात जेवला, हात धुतले. रागावला असता, "का गं दिलीस" म्हणाला असता, तर तिला बरं वाटलं असतं. निदान कुठे दुखतंय ते कळलं असतं. पण हा माणूस अलफियाबद्दल वाईट बोलत नव्हता की चांगलं बोलत नव्हता. एवढ्या कडेकोट बंद दारामागे काहीतरी मौल्यवानच ठेवलेलं असणार, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं आणि तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

मग कादर फोरमन झाला, आणि कंपनीने बायकोला नेण्याची परवानगी दिली. तबस्सुमचा मामेभाऊ तौसिफ जळगावातच व्हिसाची कागदपत्रं करून द्यायचा. त्याने दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स समोर ठेवल्या आणि कान खाजवला.

"आपा, तुझ्या पासपोर्टात नवरा कादरभाई आहेत. पण त्यांच्या पासपोर्टात बायको तू नाहीस."

"म्हणजे?"

त्याने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि खाली पती किंवा पत्नीचं नाव. अलफिया.

"हा पासपोर्ट सतरा सालचा. तेव्हा त्या होत्या ना. नंतर भाईंनी बदललाच नाही. आपल्या सरकारकडे हेच रेकॉर्ड, आणि तिकडच्या कंप्युटरातसुद्धा हेच गेलेलं."

तबस्सुमची तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही बाई मेल्यावरही तीन वेळा विमानातून कुवेतला जाऊन आली, नवऱ्याच्या खिशात बसून! आणि आपण अजून मुंबईसुद्धा धड पाहिलेली नाही. भांडी मोडीत घातली, पडदे बदलले, आरसा बदलला, आणि ही इथे अशोकस्तंभाच्या आश्रयाला येऊन बसली होती.

"काढ तिला," ती म्हणाली.

"काढायला मृत्यूचा दाखला लागतो. मी शोधला, आपा. नोंदच नाही." तौसिफने ओशाळून मान हलवली. "कागदावर त्या जिवंत आहेत."

तबस्सुमला अलफिया मेल्याचं दुःख कधीच झालं नव्हतं, पण ती जिवंत असल्याचं मात्र त्या दिवशी भरपूर झालं.

कुवेतला फोन लावला. कादर म्हणाला, "मला तिकडचं काय माहीत? कर तू जे लागेल ते." आवाज नेहमीसारखाच. तिने कान देऊन ऐकलं, पण हाताला काही लागलं नाही.

दोन दिवसांनी ती धुळ्याची बस धरून, तिथून दुसरी बस बदलून साक्रीला गेली. अलफियाची आई सुगराबी आठवडे बाजारात बांगड्या विकायची. म्हातारी दारात बसून बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवत होती. तबस्सुमने आधी भिंती पाहिल्या. फोटो कुठेच नव्हता. मग तिने म्हातारीचं तोंड न्याहाळलं. डोळे पिंगट होते, टपोरे. म्हणजे तिचेही तसेच असणार. तबस्सुमचे डोळे साधे, काळे, चारचौघींसारखे. एवढ्यावरच तिचं अर्धं रक्त आटलं.

सुगराबीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नोंद आम्हीन करीच नही, बेटी. माहीत व्हतं, तरी करी नही. मनी पोर त्या कागदमा जिती शे ना? ऱ्हाऊ दे."

"तुमची जिती राहिली की मी कुणीच नाही," तबस्सुम म्हणाली. बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि तिला स्वतःचाच राग आला. "लग्न मी केलं. घर मी सांभाळते. आणि विचारलं की याची बायको कोण, तर तिचं नाव. तिला जाऊन सहा वर्षं झाली अम्मी! माझ्या वाटेचं काहीच सोडणार नाही का ती?"

म्हातारी रागावली नाही. रागावण्याइतकं बळ तिच्यात उरलं नसेल, किंवा आपल्या लेकीवर अजून कुणीतरी एवढं जळतंय याचं तिला बरंही वाटलं असेल.

"दिसू अंगठा," म्हणत ती शेवटी नोंदीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार झाली. "पन एक काम कर. कादरले सांग. ती गई अकरा तारीखले. आम्हीन त्याले बारा रोज सांगं नही. त्याना पासपोट कंपनीना कपाटमा व्हता, त्याले सुट्टी भेटनार नव्हती. तो तठे याडा व्हई जाता. रोज फोन करे, आनि मी सांगू, झोपेल शे, झोपेल शे." म्हातारीने बांगड्या खाली ठेवल्या. "तेवीस तारीखले सांगं, आजच गई म्हनीसन. माले हाई झूठ घेईसन मराणं नही. तू सांग त्याले. एकदाव कबरवर ये म्हना."

"सांगते," तबस्सुम म्हणाली.

त्यानंतरचे तीन महिने तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. जुन्या मृत्यूची नोंद नुसत्या अर्जावर होत नाही. सुगराबीचं प्रतिज्ञापत्र, दोन पंचांचे जबाब, कब्रस्तानच्या वहीतला दफनाचा उतारा, मग तहसीलदारांचा हुकूम. आज साहेब दौऱ्यावर, उद्या सर्व्हर बंद, परवा पंचाच्या घरी लग्न. जेवढ्या खेपा कुणी सख्ख्या बहिणीच्या बाळंतपणाला घालत नाही, तेवढ्या या बाईने सवतीच्या मरणासाठी घातल्या. दाखला हातात पडला तेव्हा बसमध्ये बसून तिने तो तीनदा वाचला. अकरा मार्च दोन हजार एकोणीस. जीव भांड्यात पडला.

आणि कादरला सांगायचं होतं ते?

नाही सांगितलं. फोनवर कशाला, आल्यावर सांगू, असं आधी ठरवलं. तो आला, तेव्हा मनाशी म्हणाली, दोन महिन्यांची तर सुट्टी. खरं कारण तिला पक्कं माहीत होतं. नवरा पहिल्या बायकोसाठी एकदा रडलाय, हेच तिला पुष्कळ झालं होतं. त्याला पुन्हा नव्याने रडायला बसवण्याइतकी ती दानशूर नव्हती. शिवाय कबरीवर गेला की तिथून परत आलेला माणूस कुणाचा असेल, सांगता येतं का? दाखला तिने फाइलीत मधोमध, विजेच्या बिलामागे लावून टाकला.

पासपोर्टच्या कचेरीची तारीख मिळाली तेव्हा कादरच्या सुट्टीचे बावीस दिवस उरले होते. ही तारीख चुकली तर दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. तो एकटा परत जाणार आणि आणखी दोन वर्षं तबस्सुम मेहरूणच्या खोलीत बसणार. तिने अबोली रंगाचा नवा ड्रेस घातला. अर्जाच्या जोडपत्रावर, म्हणजे आपण नवरा-बायको असल्याच्या कबुलीवर, दोघांच्या सह्या होत्या, दोघांचा एकत्र फोटो होता. फोटोत तो समोर बघत होता आणि ती त्याच्याकडे.

काउंटरवर नूतन मॅडम म्हणून बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कामाला चोख. त्यांनी कागद एकेक उलटले.

"मयत पत्नीचं नाव काढून आताच्या पत्नीचं घालायचंय. बरोबर?"

"जी," कादर म्हणाला.

"मृत्यू कधी झाला?"

"तेवीस मार्च, दोन हजार एकोणीस." अडखळला नाही. माणूस पाठ असलेलं म्हणतो तसं म्हणाला.

नूतन मॅडमनी दाखला काढून डोळ्यांजवळ नेला. "इथे अकरा मार्च आहे."

"नाही मॅडम, तेवीस. काहीतरी चुकलंय त्यात."

"मग हा दाखला दुरुस्त करून आणावा लागेल. चुकीच्या कागदावर मला पुढे नाही जाता येणार." त्या फाइल मिटायला लागल्या.

तबस्सुम गप्प बसली तर नाव जातं. बोलली तर बाकीचं. फाइल अर्धी मिटली होती.

"दाखला बरोबर आहे," ती म्हणाली.

कादर वळला. "काय?"

"अकरा तारीखच बरोबर आहे. तुम्हाला बारा दिवस सांगितलं नव्हतं. पासपोर्ट कंपनीकडे होता, तुम्ही येऊ शकत नव्हता, म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"सुगराबींनी."

"कधी?"

तिला खोटं बोलता आलं असतं. जीभ वळलीच नाही. "चार महिने झाले," ती म्हणाली. "तुम्हाला कबरीवर बोलावलंय त्यांनी."

कादर तिच्याकडे बघत होता, पण ती त्याला दिसत नव्हती. त्याचे ओठ हलत होते. तो दिवस मोजत होता, हे तिला जरा वेळाने कळलं. "रोज फोन केला मी," तो काउंटरला सांगावं तसं म्हणाला. "सतराला तर तासभर धरून बसलो होतो. म्हटलं, उठली की बोलेन. तेव्हा तिला पुरूनसुद्धा सहा दिवस..." मग म्हणाला, "मी दर वर्षी तेवीसला रोजा धरतो." आणि सहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते तिथे झालं. तो टोकन घेतलेल्या दहाबारा माणसांसमोर, दोन्ही हात काउंटरवर ठेवून, लहान पोरासारखा हमसून रडला. तबस्सुमला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. त्याहून जास्त तिला वाटलं, की माझ्यासाठी हा असा रडेल का. आणि असल्या वेळी आपल्याला हेच सुचतंय, याची तिला लाजही वाटली. पण सुचलं ते सुचलंच.

नूतन मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. "आज नको असेल तर दुसरी तारीख घ्या," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही. करा," कादर म्हणाला. डोळे पुसून त्याने बोटं यंत्रावर ठेवली. वेल्डिंगने भाजून भाजून त्याची बोटं गुळगुळीत झाली होती, ठसा उमटेना. नूतन मॅडमनी बोटं पुसायला सांगितली. चौथ्या खेपेला उमटला. सही केली. पावती आली ती त्याने न बघता तबस्सुमच्या हातात दिली. पत्नीचं नाव: तबस्सुम. सगळं जिथल्या तिथे.

बाहेर येऊन तो बसस्टँडकडे चालायला लागला, ती मागोमाग. धुळ्याची बस लागलेली होती. दाराशी तो थांबला.

"विमानतळावर जो माणूस शिक्का मारतो ना," तो म्हणाला, "तो दर वेळी शेवटचं पान उलटायचा. विचारायचा, वाइफ? अलफिया? मी म्हणायचो, जी. तेवढंच. बाकी कुणी तिचं नाव माझ्यासमोर काढत नव्हतं. म्हणून नाही बदललं मी. तुझ्यावर रुसून नाही."

"मी जळते तिच्यावर," तबस्सुम म्हणाली. "मेलीय, माहीत आहे. तरी जळते. म्हणून नाही सांगितलं."

"माहीत आहे मला."

कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. तबस्सुमने पावती पर्समध्ये कोंबली आणि बसच्या दांडीला हात घातला. "मी पण येते साक्रीला."

कादरने तिचा हात दांडीवरून सोडवला. जोर केला नाही, एकेक बोट सोडवलं.

"तू जाऊन आलीस," तो म्हणाला, आणि बसमध्ये चढला.