तोंडावर बोट

“मंग तिनं नाव काढी लेऊ का, गुरुजी?” पोरीचं शाळेतलं नाव काढायला आलेल्या लोटनने वर्गाच्या दारातूनच विचारलं.

जीवराम गुरुजींनी हाताला लागलेला खडू झटकला. “काढा की. चौथीत आली तरी पोरगी तोंड उघडत नाही. डोक्यात काही शिरलं असतं तर कधीतरी बाहेर पडलंच असतं ना?”

कुंदा बापाशेजारी हाताची घडी घालून उभी होती. बोलणं तिचंच चाललं होतं, पण तिला कोणी काही विचारलं नाही.

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात गुरुजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि त्यांचा वर्ग? अहाहा! सुई पडली तर ऐकू यावी. धुळ्याहून तपासणीला येणारे साहेबही त्या शांततेवर खूश होऊन जात. गुरुजींचं म्हणणं सरळ होतं: भांडं भरायचं तर ते हलता कामा नये. म्हणून वर्गात शिरताच त्यांची आरोळी ठरलेली, “हाताची घडी, तोंडावर बोट!”

अहिराणीचा, त्या मुलखातल्या घरच्या बोलीचा, तर त्यांना भारी तिटकारा. लहानपणी तीच बोलल्याबद्दल त्यांनी उलट्या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या. ती सुटली म्हणून आपण मास्तर झालो, असं त्यांना मनापासून वाटायचं. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी बाष्पीभवन म्हणजे काय ते विचारलं, तेव्हा कुंदा मोठ्या हौसेने उठली होती. “गुरुजी, चुल्हावर भात ठेवा का...” एवढंच बोलली असेल नसेल.

“घरची भाषा घरी ठेवून यायची!” गुरुजी कडाडले. पोरं खो खो हसली. “बस खाली. तोंडावर बोट.”

कुंदा बसली. त्यानंतर वर्गात ती कधी बोललीच नाही.

नाव निघालं. जून उजाडला तसे गुरुजी पहिलीसाठी पोरं गोळा करायला घरोघर हिंडू लागले. लोटनच्या दारी आले तेव्हा त्याची आई भागाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. गोठ्यामागून पोरांचा नुसता कल्ला चालला होता.

“हा कसला गोंधळ, अक्का?”

“कुंदानी शाया शे ती,” म्हातारी हसली. “बठ्ठा पोरेस्ले शिकाडस ती.”

ही कसली शाळा ते बघायला गुरुजी गोठ्याच्या कुडाआड जाऊन उभे राहिले. पलीकडे कुंदाचा आवाज खणखणत होता. “भात शिजस तैं झाकनले पानी लागस ना? तशेच नदीनं पानी ऊनमा वर जास. वर गारठा लागना का ढग व्हस!”

“मंग ते खाले कसं पडस वं?” एका पोराने विचारलं.

“झाकन हालाडं का थेंब पडतस ना? तशे.”

गुरुजींनी वर्गात बाष्पीभवनाची व्याख्या पुन्हा पुन्हा लिहून घेतली होती. असला प्रश्न मात्र त्यांना आजवर एकाही पोराने विचारला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते तसेच लोटनकडे गेले. तो बैलांना पाणी दाखवत होता.

“लोटनभाऊ, माझी चूक झाली. पोरीला शाळेत पाठवा.”

“तुम्हीच ते सांगं व्हतं, डोकामा काही शिरत नही. आते धाकला पोऱ्या तिनाच कडेवर ऱ्हास.” लोटनने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, “बरं, इचारा तिले. ती हाव म्हननी ते उद्याच धाडसू.”

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! ते लगबगीने गोठ्यामागे गेले. लोटनही ओट्यावर आजीजवळ बसलेल्या धाकट्याला उचलून मागोमाग आला.

गुरुजी दिसले मात्र, सगळा कल्ला जागच्या जागी थांबला. पोरांनी हाताच्या घड्या घातल्या. कुंदाने तोंडावर बोट ठेवलं.

“कुंदा,” गुरुजी म्हणाले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, त्यांच्या तोंडून अहिराणी आली. “शायामा येशी का, माय? बोल.”

कुंदा बघत राहिली.

“बोल ना वं,” बाप म्हणाला. “गुरुजी इचारी ऱ्हायनात.”

गुरुजी वाकले. “तुले जशे येस तशे बोल. कोन्ही हसाव नही.”

तिचे डोळे भरून आले. बोट ओठांवर आणखी घट्ट झालं.

लोटनने जरा वाट पाहिली. मग धाकट्याला तिच्याकडे दिलं. कुंदाने त्याला एका हाताने कडेवर सावरलं. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर तसंच होतं.