पांढरं फूल, दोन डबे आणि चार ग्राइंडर

मरुदाचलमच्या गाडीने आतापर्यंत दोन इंजिनं खाल्ली होती. दोन्ही वेळा पिस्टनला भोक पडलं आणि दोन्ही वेळा त्याच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ते पिस्टन धुऊन दुकानाच्या काउंटरवर मांडले. एकात उदबत्त्या, दुसऱ्यात पेनं. अप्पा इडलीचं पीठ वाटायचे दगडी ग्राइंडर विकत. "तिसरं इंजिन गेलं की मागची सीट काढायची आणि गाडी ग्राइंडर पोचवायला लावायची," ते शांतपणे म्हणाले. "काउंटरवर आता जागा उरली नाही, कण्णू." कण्णू म्हणजे बाळा; अप्पांसाठी मरुदू अजून कण्णूच होता.

भानगड साधी होती. मरुदूने गाडीला इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो लावला, पण ते गाडीच्या मूळ कंप्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडायचा, ठिणगी टाकायचा. म्हणून कंप्युटरचा नवा डबा हवा होता आणि बाजारात डबे दोन तऱ्हेचे. पहिला मूळ कंप्युटरच्या कानाशी बसून त्याला सोयीचं खोटं सांगतो. दुसरा त्याला थेट घरी पाठवतो आणि सगळा कारभार स्वतः बघतो. दोन्ही डबे इंजिनाचे आकडे जुळवून देणाऱ्या ट्यूनर वेळ्ळिंगिरी अण्णांच्या कपाटात चार महिने शेजारी पडून होते, आणि रविवारी चेट्टिपाळ्यमच्या ट्रॅकवर शर्यत होती.

"अण्णा, एकदाचं सांगा. कुठला बसवू?"

"ते अवलंबून आहे."

"कशावर?"

"गाडीवर."

"गाडी तुमच्यासमोर उभी आहे!"

"मग चालवणाऱ्यावर."

"तोही उभा आहे."

"तीच तर काळजी आहे." आणि मग कोइम्बतूरच्या रीतीप्रमाणे पूर्ण आदराने, "तुम्ही गाढव आहात, मरुदू."

त्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारलं. दोनशे बारा सभासद. निम्मे म्हणाले पहिला, निम्मे म्हणाले दुसरा. एकाने "आधी ब्रेक बदला" असं बजावलं आणि एकाने मुरुगन देवाचा 'सुप्रभात'वाला फोटो टाकला.

तो फोटो अप्पांनी पाहिला. "देवालाच विचारू. फुलांचा कौल लावू."

शुक्रवारी सकाळी मरुदू, अप्पा आणि अण्णा तिघं देवळात गेले. पुजाऱ्यांनी एका पुडीत पांढरी कण्हेर बांधली, दुसरीत लाल. प्रश्न मनात धरायचा, पुडी पुजारी उचलणार. उघडली तर पांढरं फूल. तिघांनीही समाधानाने गालांवर थापट्या मारून घेतल्या. मरुदूला तिथेच संशय यायला हवा होता. या तिघांचं एकाच गोष्टीवर समाधान आजवर झालेलं नव्हतं.

"म्हणजे पहिला डबा," मरुदू म्हणाला.

"दुसरा! पांढरं म्हणजे दुसरा," अण्णा म्हणाले.

"कसले डबे?" अप्पा म्हणाले. "मी विचारलं होतं, आजच गाडीत ग्राइंडर भरू का. पांढरं म्हणजे भर."

मरुदूने कपाळावर हात मारला. "अहो, आधी ठरवायला नको का?"

"मनातलं कसं ठरवणार?" अप्पा म्हणाले.

पुजाऱ्यांकडे परत गेले. एकदा दिलेला कौल पाळल्याशिवाय देव पुन्हा बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या भक्ताला हाक मारली.

मग कौल पाळला. तिघांचाही. पेट्रोलचं काम पहिल्या डब्याकडे दिलं, ठिणगीचं दुसऱ्याकडे. मागची सीट काढली, चार ग्राइंडर बांधले आणि शनिवारी उडुमलैच्या रस्त्यावर गाडी ट्यून करायला निघाले. दोन ग्राइंडरच्या मधे लॅपटॉप घेऊन अण्णा बसले. पुढे अप्पा. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा काटा वाचायचं काम त्यांच्याकडे. काटा साडेअकराच्या वर चढला की पिस्टन गेला, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

"बारा! बारा झाले, कण्णू! पाय काढ!" अप्पा ओरडले.

अण्णांनी एक आकडा बदलला. "आता दाबा."

"साडेअकरा... हलत नाही... हलतच नाही रे!" अप्पांनी डॅशबोर्डवर बुक्की मारली. "आणखी दाब!"

चारही ग्राइंडर पोचले. इंजिन जिवंत होतं.

रविवारी मरुदू शेवटून दुसरा आला. शेवटच्याचं चाक निखळलं होतं. पण इंजिन जिवंत ते जिवंतच, त्यामुळे मागची सीट परत बसली.

सोमवारी ग्रुपवर दोनशे तेरावा सभासद आला आणि आल्या आल्या त्याने विचारलं: 'दुकानाच्या माल पोचवायच्या व्हॅनला टर्बो लावतो आहे. दोनपैकी कुठला डबा घ्यावा?'

नाव वाचून मरुदूने काउंटरकडे पाहिलं. अप्पा हातात फोन धरून, चष्मा कपाळावर चढवून उत्तराची वाट बघत होते.

मरुदूने लिहिलं, 'ते अवलंबून आहे.'