सासूबाईंची सबटायटल्स

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाच त्यांनी नंतर दोन महिने लेकीकडे राहायचं हेही ठरलं. त्यांना झोपवायचं कुठे, यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. बाथरूमला लागून असलेली खोली एकच होती आणि ती जावयाची होती. म्हणायला पाहुण्यांची खोली, पण गेल्या सोळा वर्षांत तिथे एकही पाहुणा झोपला नव्हता. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर सिनेमे होते.

जावई एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. दिवसभर परक्यांचे दात मेणात बसवायचे आणि घरी आला की या खोलीत शिरायचं, असा त्याचा क्रम होता. सगळे मिळून अकराशे चाळीस सिनेमे; आधी कॅसेट, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. देशाप्रमाणे लावलेले, देशात दिग्दर्शकाप्रमाणे, आणि दिग्दर्शकात सालाप्रमाणे. एका खंडातली डिस्क दुसऱ्या खंडातल्या प्लेअरवर चालत नाही, म्हणून प्लेअरसुद्धा दोन. ओल लागू नये म्हणून प्रत्येक फळीवर औषधांच्या बाटल्यांतून काढलेल्या त्या छोट्या पुड्या ठेवलेल्या.

बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने या छंदाला कधी विरोध केला नाही, पण गप्पही बसली नाही.

"हा सिनेमा आहे ना आपल्याकडे?" नवीन पार्सल आलं की ती विचारायची.

"ती डीव्हीडी. ही मूळ निगेटिव्हवरून नव्याने केलेली प्रत."

"म्हणजे तीच बाई, तीच नदी, तेच रडणं."

"पण आता पाण्यावरचा उजेड नीट दिसतो."

"आणि माझी इस्त्री करायची जागा दिसत नाही."

तर या खोलीत पलंग आला, पलंगावर सासूबाई आल्या, आणि जावयाची पंचाईत झाली. चौदा वर्षांत या दोघांचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यापलीकडे गेलं नव्हतं. भांडण काही नव्हतं. सासूबाई मुळातच मोजकं बोलायच्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं, शेवटची दहा वर्षं मुकादम म्हणून. यंत्रांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, तिथलीच ती सवय असावी. जावई रोज संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचा, "आई, काही हवंय का?" त्या म्हणायच्या, "काही नको." मग तो फळ्यांवरून एकदा नजर फिरवायचा आणि निघून जायचा.

चौथ्या आठवड्यात सासूबाईच बोलल्या.

"जावईबापू, रोज त्या डब्यांकडे असे बघता की जशी काही मी त्यांच्यावरच बसलेय. आत या. लावा एखादा. मलाही नुसतं छताकडे बघून कंटाळा आलाय."

जावई हरखला आणि लगेच घाबरला. थोर सिनेमांची एक अडचण असते. त्यातली माणसं कधी कपडे काढतील याचा नेम नसतो. सासूबाई शेजारी पडलेल्या असताना तसलं काही पडद्यावर आलं तर तोंड कुठे लपवायचं? तो पंधरा मिनिटं फळ्यांसमोर उभा राहिला. एकेक डबी काढायची, काहीतरी आठवायचं, कान लाल व्हायचे, डबी परत जागेवर. शेवटी त्याने एक डिस्क काढली, जिच्याबद्दल त्याला शंभर टक्के खात्री होती. त्या सिनेमात कोणी कोणाला बोटसुद्धा लावत नव्हतं.

हा सिनेमा उत्तरेकडच्या एका लहानशा देशातला, काळा-पांढरा, चौऱ्याण्णव मिनिटांचा. त्या देशाबाहेर तो कधी निघालाच नाही. जावयाने एका जुन्या मासिकात त्यातलं एक चित्र पाहिलं होतं: तळ्यात होडी, होडीत आडवी ठेवलेली लांब लाकडी पेटी, आणि दोन टोकांना पाठमोरे नवरा-बायको. ते चित्र त्याच्या मनातून जाईना. शेवटी त्याने त्या देशातल्या एका दुकानदाराला पत्र लिहून डिस्क मागवली. दुकानदाराने पाठवताना चिठ्ठीत बजावलं होतं, याला सबटायटल्स नाहीत, मग तक्रार करू नका.

जावयाने तक्रार केली नाही. सात वर्षांत त्याने तो सहा वेळा पाहिला होता, एका शब्दाचाही अर्थ न कळता. आणि त्याला तो संपूर्ण समजला होता. घरातलं उभं लंबकाचं घड्याळ पहिल्याच प्रसंगानंतर नाहीसं होतं, भिंतीवर नुसता पांढरा पट्टा उरतो. म्हणजे त्या दोघांसाठी वेळ थांबली. मग काळा कोट घातलेला एक गंभीर माणूस येतो. तो मृत्यूची बातमी घेऊन आलेला. बायको तळ्याकाठी पाठमोरी बसून रडते. शेवटी ती पेटी. त्याच्या फिल्म सोसायटीच्या अंकात त्याने यावर दोन पानी लेखही लिहिला होता. 'शोकाची शांतता' असं त्याचं नाव. तो वाचून अध्यक्षांनी त्याला फोन करून दाद दिली होती.

सिनेमा सुरू होऊन दहा-अकरा मिनिटं झाली असतील. पलंगावरून एक विचित्र आवाज आला. जावयाला वाटलं, गुडघ्यात कळ आली. तो उठून उभा राहिला.

"आई, दुखतंय का?"

सासूबाई हसत होत्या. उशीत तोंड खुपसून, पोट धरून.

"तो म्हणतोय, मांजराने पाडलं असेल," त्या कशाबशा म्हणाल्या. "ती म्हणतेय, आपल्याकडे मांजर नाही. तर हा कसा ठोंब्या, म्हणतो, म्हणूनच तर ते सापडत नाहीये!"

जावयाने रिमोट दाबला. पडद्यावर नवरा दगडासारखा चेहरा करून थांबला.

"तुम्हाला ही भाषा येते?"

"येते म्हणजे काय, यायची. लग्नाआधी तीन वर्षं मी तिथेच होते की. पहिली नोकरी. तिथल्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात." त्यांनी डोळे पुसले. "एका म्हातारीकडे खोली घेतली होती. ती बया दिवसभर बोलायची. व्याकरण-बिकरण मला विचारू नका. भांडण, भाजीपाला आणि हवा, एवढंच येतं."

"कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलंच नाही. आणि बोलणार कोणाशी? सेहेचाळीस वर्षांत त्या भाषेतला एक माणूस भेटला नाही. लावा, लावा पुढे."

पुढचा सव्वा तास जावयाने आपला सिनेमा पहिल्यांदा पाहिला. नवऱ्याच्या हातून बायकोच्या माहेरचं उभं घड्याळ पडून फुटलं होतं आणि त्याने ते गुपचूप कोठीत लपवलं होतं. बायकोला वाटत होतं, आपण सकाळी किल्ली जास्त पिळली म्हणून ते बिघडलं आणि नवऱ्याने आपली लाज राखायला ते लपवलं. काळ्या कोटातला माणूस घड्याळजी होता. दोघांनी वेगवेगळं गाठून त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून त्याचा चेहरा तसा. आणि पेटीत, अर्थातच, घड्याळ होतं.

"पण ती रडते ना तळ्याकाठी?" जावयाने शेवटचा किल्ला लढवला.

"रडते कुठली? हसतेय. घड्याळजीने सगळं सांगितलं ना तिला आत्ता. पाठीवरून कळत नाही का? रडताना खांदे खाली येतात माणसाचे. हिचे वर जातायत."

त्याने तो प्रसंग तीन वेळा लावून पाहिला. खांदे वर जात होते.

तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायला. बायको वह्या तपासत होती. त्याने तिला काय झालं ते सांगितलं. तिने लाल पेन खाली ठेवलं आणि इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "शोकाची शांतता!" ती म्हणाली. "दोन पानं!" तो जरा वेळ रुसून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये. जी डिस्क सात वर्षं फळीवर होती, तिच्यातून आज एक अख्खा नवीन सिनेमा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊनच खोलीत गेला.

काम असं चालायचं. सासूबाईंच्या हातात रिमोट. एक वाक्य झालं की त्या थांबवायच्या, अर्थ सांगायच्या, तो लिहून घ्यायचा. मग संगणकावर प्रत्येक वाक्याला ते किती मिनिटं किती सेकंदांनी उमटायचं आणि कधी पुसायचं, ते टाकायचं. एकूण सहाशे बारा वाक्यं होती. रोज संध्याकाळी बारा-पंधरा व्हायची. जावयाच्या हाताला मिलिमीटरच्या कामाची सवय होती, त्यामुळे त्याला वेळ बसवणं जमलं. भाषा मात्र जमेना.

"वाचा काय लिहिलंत," सासूबाई म्हणायच्या.

"'तुमचे मौन मला असह्य होत आहे.'"

"असं कोण बोलतं स्वयंपाकघरात? ती म्हणतेय, 'तोंडात काय दगड धरलायत?'"

"पण दगड शब्द आहे का त्यात?"

"दगड नाही, बटाटा आहे. त्यांच्याकडे बटाटा धरतात. आपण दगड लिहू."

"बटाटाच ठेवू या की. कळतंय."

सासूबाईंनी जरा विचार केला. "ठेवा बटाटा. पण ते असह्य काढा."

एकदा जावई म्हणाला, "आई, ही नवऱ्याला आधी 'तू' म्हणत होती, आता तुम्ही सगळीकडे 'तुम्ही' लिहायला सांगता." तेव्हा सासूबाईंनी त्याला एक गोष्ट समजावली. त्या भाषेतही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' असतं. घड्याळ फुटल्यापासून बायको नवऱ्याला 'तुम्ही' म्हणायला लागते. रागाने नाही, मनातल्या चोरीमुळे. तासभर 'तुम्ही' चालतं. आणि शेवटी होडीत ती म्हणते, "तुझ्या बाजूला पाणी लागतंय, जरा उचल."

याच वाक्याला जावयाने लेखात 'क्षमेची अखेरची याचना' म्हटलं होतं. आता त्याला वाटलं, अगदीच काही चुकलं नव्हतं आपलं. पण हे तो सासूबाईंना बोलला नाही.

एका कोळ्याच्या तोंडचा एक शब्द सासूबाईंना अडला. तळ्याकाठचं खेडवळ बोलणं होतं. तीन दिवस त्या तो शब्द तोंडात घोळवत राहिल्या. मग त्यांनी कागद मागवला आणि त्या दुकानदाराला स्वतः पत्र लिहिलं, त्याच्या भाषेत, सेहेचाळीस वर्षांनी, खाडाखोड करत. उत्तर बारा दिवसांनी आलं. दुकानदाराच्या आईचं माहेर त्याच तळ्याकाठचं निघालं. तो शब्द म्हणजे तळ्यावर पहाटे धरणारा बर्फाचा पातळ पापुद्रा, ज्यावर पक्षी उभा राहतो पण माणूस नाही. पत्राखाली त्याच्या आईने थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, तुमची भाषा माझ्या आजीसारखी आहे, आता असं कोणी बोलत नाही. ते पत्र सासूबाईंनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

मधल्या काळात दोन महिने भरले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "मावशी, माझ्यापेक्षा चांगला आहे तुमचा. आता खुशाल घरी जा."

"आई, कधी निघायचं म्हणतेस?" लेकीने विचारलं.

"अजून जरा ठणकतो," सासूबाई म्हणाल्या.

"कुठला? डावा की उजवा?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला एक क्षण जास्तच घेतला. लेकीने काय ते ओळखलं. "दीडशे वाक्यं राहिलीयत ना?"

"एकशे बावीस," जावई दारातून म्हणाला.

ती पुरी व्हायला आणखी दहा दिवस लागले. मग एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सोसायटीने तो सिनेमा लावला. तेवीस माणसं आली होती. सासूबाई पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी ठेवून. सुरू होण्याआधी जावई उठला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"मागे मी या सिनेमावर एक लेख लिहिला होता," तो म्हणाला. "तो सगळा चुकीचा आहे. घड्याळाचं मी प्रतीक केलं होतं. ते नुसतं फुटलं होतं. सबटायटल्स माझ्या सासूबाईंची आहेत."

मांजराच्या वाक्याला पहिलं हसू फुटलं आणि मग ते थांबेना. बटाट्यालाही लोक हसले. होडीतल्या शेवटच्या वाक्याला मात्र कोणी हसलं नाही. दिवे लागल्यावर अध्यक्ष, जे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते आणि हार मानणाऱ्यांतले नव्हते, उभे राहिले.

"माझ्या मते पहिला अर्थही टाकाऊ नाही," ते म्हणाले. "बाईंचं यावर काय म्हणणं आहे?"

सासूबाई मागे वळल्या. "त्यांनी एक अक्षर कळत नसताना सहा वेळा पाहिला," त्या म्हणाल्या. "मला तर सगळं कळत होतं, मी एकदा बघून झोपून गेले असते. मग कोणाला जास्त कळला म्हणायचा?"

जावयाने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते, पण ते त्याला आवडत होतं.

सासूबाई पुढच्या आठवड्यात घरी गेल्या. जावयाने आपला जुना प्लेअर त्यांच्या टीव्हीला जोडून दिला आणि दर महिन्याला पाच डिस्क नेऊन द्यायचं कबूल केलं. निवड करताना तो आता फारसा घाबरत नाही. एकदा तसला प्रसंग निघालाच, तेव्हा सासूबाईंनी फोन करून एवढंच सांगितलं की चादरी फार मळक्या होत्या.

परवा तो लॅबमध्ये मेणात वरचे पुढचे दात बसवत होता, तेव्हा फोन वाजला. त्याने तो गालाने खांद्यावर दाबून धरला.

"जावईबापू, हा माणूस रस्त्याने चालायला लागलाय, त्याला दहा मिनिटं झाली. चालतच राहतो का शेवटपर्यंत?"

"अजून सात मिनिटं चालतो, आई. मग एक बाक येतो."

"बसतो का त्यावर?"

"ते मी सांगणार नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मग भाजी इथेच घेऊन बसते चिरायला."