राखेतलं गाव

वीजघराच्या राखेचा बांध फुटला त्याले दोन वर्सं झाली. भर दुपारी कमरेएवढी ओली राख गावात शिरली. माणसं वाचली, पण विहिरी बुजल्या अन् कापसाची वावरं राख वाळून दगड झाली. गाव पोटामागं पांगलं. राहिला एकटा मुख्तार, पंपाचा मिस्त्री. त्याचं घर टेकाडावर. घरामागं कब्रस्तान, तिथं त्याची बायको फरीदा.

बांध फुटला तवा टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. यंदा एकच पोरगी आली, निकिता, कॅमेरावाल्यासंगं.

"चाचा, शॉटसाठी इथं राखेत बसता का?"

"बसतो, बाई. पन आदी आयक. हे नेमसिंगचं घर. ते सुखीबाईचं. मोठी भांडखोर, पन कोनी बिमार पडलं का पयली तीच हजर."

मुख्तार तासभर बोलला. कितीक दिवसांनी कोणी समोर बसून ऐकत होतं.

टीव्हीवर तो चार सेकंद दिसला, तोही बिनआवाजाचा. पुढं अर्धा तास जाणकार बोलले, देशाले वीज लागते, नवं युनिट झालंच पाहिजे.

तेवढं पाहूनच आदिलाबादहून नेमसिंगचा फोन आला. "भाऊ, तू अजून तिथंच हाय? माह्या घराचं काय?"

"एक भित उभी हाय."

"बरं," नेमसिंग म्हणाला, अन् फोन ठेवला.

आठ दिवसांनी तहसिलीतला बाबू कागद घेऊन आला. नव्या युनिटची राख इथंच टाकायची होती. कागदावर लिहिलं होतं, गाव निर्मनुष्य.

"मी हाय न, साहेब."

"एका मानसाचं गाव होत नाही, चाचा. हरकत असल तं सोमवारी सुनावणीले या."

मुख्तारनं साऱ्यायले फोन लावले. "रोजी बुडते रे," नेमसिंग म्हणाला. बाकीचे पाहतो म्हणाले. गाव करी ते राव न करी म्हणतात, पण करायले गाव तं पाहिजे.

सोमवारी मंडपात कंपनीचीच माणसं. साहेबानं विचारलं, "गावातलं कोणी आहे?"

मुख्तार उठला. मागून आवाज आला, "मी बी हावो."

सुखीबाई होती. एसटीतून उतरून चालत आलेली, हातात पिशवी, धापा टाकत.

"आदी गावाचं नाव लिवा, साहेब. मंग आमचं."

बाबूनं लिहिलं. हजर ग्रामस्थ, दोन.

"घरी चाल, च्या पिऊन जा," बाहेर आल्यावर मुख्तार म्हणाला.

"चारची बस हाय, भाऊ. पुढल्या टायमाले."

बस दिसेनाशी होईस्तोवर तो फाट्यावर उभा राहिला. मग टेकाड चढू लागला.